जुनी होडी आणि बेकार कप्तान

माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत समुद्रकाठच्या एका गावी राहतो. मध्यंतरी त्याला शिडाची जुनी होडी विकत घ्यायची हुक्की आली आणि एका विकाऊ होडीची जाहिरात त्याने मला पाठवून दिली. मामा बँकेत होते, तेव्हा किंमत बरोबर की चूक हे मामांना कळणारच, असा त्याचा हिशेब. आता चाळीसगावच्या माणसाला होडीतले काय कळणार? तितूर नदीला पूर आला तर तेवढेच आमचे पाणी.

पण यादी वाचू लागलो आणि जुनी सवय जागी झाली. लांबी किती, रुंदी किती, बांधणीचे साल कोणते, शिडे किती आणि त्यांना ठिगळे किती, नांगर, साखळी, होकायंत्र, शेगडी, दिवे, पाण्याची टाकी, इंजिन किती तास चालले. नोकरीची सारी वर्षे मी अशाच याद्या वाचल्या. फक्त त्या जुन्या ट्रॅक्टरच्या, ऑइल इंजिनाच्या, पिठाच्या गिरणीच्या असत. नियम सोपा होता. वस्तू जितकी जुनी तितके कर्ज कमी, आणि एका वयानंतर शून्य. एकदा एक मेकॅनिक निंबाखाली उघडा पडलेला ट्रॅक्टर घेण्यासाठी कर्ज मागायला आला होता. मी ट्रॅक्टर न पाहताच अर्ज परत केला. पुढच्या हंगामात तोच ट्रॅक्टर घेऊन तो गावभर भाड्याने नांगरणी करत होता. पैसे त्याने कुठून उभे केले हे विचारायचा मला धीर झाला नाही.

म्हणून भाच्याला उत्तर देण्याआधी एका माणसाची गोष्ट आठवली. त्याचे नाव जोशुआ स्लोकम. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस. त्याची होडी माझ्यासमोर तारण म्हणून आली असती, तर मी तिचे काय केले असते हे वाचकांनी ओळखलेच असेल.

स्लोकमचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ चा, कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातला. बाप आधी शेतकरी, मग बूट शिवणारा. मुलाने पोटमाळ्यावर लपून लाकडाचे छोटे गलबत कोरले, ते बापाने हिसकावून जमिनीवर आपटले. चौदाव्या वर्षी पोरगा पळून गेला आणि मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाकी झाला. आई वारली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्यानंतर त्याने घर कायमचे सोडले. खलाशापासून सुरुवात करून पंचविशीत तो कप्तान झाला. १८७१ साली सिडनीत व्हर्जिनिया वॉकर नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले आणि तिचा संसार जहाजावरच सुरू झाला. सात लेकरे झाली, त्यांतली चार जगली. १८८१ साली ‘नॉर्दर्न लाइट’ या मोठ्या जहाजाचा तो कप्तान आणि भागीदार होता. माणसाच्या वैभवाची ती टोकाची घडी.

पुढे सगळे उतरणीला लागले. १८८४ मध्ये ब्यूनोस आयरेसच्या बंदरात, जहाजावरच, व्हर्जिनिया गेली. दुसरे लग्न झाले, पण घर पूर्वीसारखे बसले नाही. १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याचे ‘अक्विडनेक’ जहाज वाळूत रुतून फुटले. विमा नव्हता! स्लोकमने मोडक्या सामानातून आणि तिथल्या लाकडातून पस्तीस फुटी होडी बांधली, आणि बायको व दोन मुले घेऊन ५५ दिवसांत अमेरिका गाठली. ब्राझीलने गुलामगिरी रद्द केली त्याच दिवशी, १३ मे १८८८ रोजी, ही होडी पाण्यात उतरली, म्हणून तिचे नाव त्याने ‘लिबर्दाद’ ठेवले. पण घरी आल्यावर काम कुठे होते? समुद्रावर आता वाफेची जहाजे आली होती. शिडाचा कप्तान म्हणजे मोटारी आल्यावरचा टांगेवाला.

१८९२ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये ईबेन पीअर्स नावाच्या एका निवृत्त कप्तानाने त्याला एक जहाज देऊ केले, फुकट, फक्त थोडी दुरुस्ती लागेल म्हणून सांगितले. स्लोकम फेअरहेवन गावी गेला. पाहतो तर जहाज समुद्रापासून लांब, एका कुरणात, टेकू लावून आणि ताडपत्री पांघरून पडलेले. नाव ‘स्प्रे’, म्हणजे लाटेचे तुषार. वय कुणालाच नक्की ठाऊक नाही. गाववाले शंभर वर्षांचे म्हणत. पीअर्सने त्याची थट्टा केली होती. गावकऱ्यांना वाटले, हा लाकूडफाट्यासाठी ते मोडायला आला आहे.

स्लोकमने ते मोडले नाही. जवळच उभे असलेले ओकचे झाड तोडून तळाचा मुख्य वासा काढला. फासळ्यांची लाकडे वाफेवर मऊ करून वाकवली. फळ्या जॉर्जियाच्या पाइनच्या, डोलकाठी न्यू हॅम्पशायरच्या स्प्रूस लाकडाची. सांध्यांत कापूस आणि काथ्या ठोकून बसवला. येणारेजाणारे थांबत, आणि सगळ्यांचा एकच सवाल असे: यात पैसे सुटतील का? गावोगावचे शहाणे सारखेच. तेरा महिने काम चालले. मधूनमधून पोटासाठी देवमाशांच्या शिकारी जहाजांवर मजुरी. खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट. शेवटचे बासष्ट सेंट त्याने लिहून ठेवले, याचा माझ्यातल्या बँकवाल्याला फार आनंद होतो.

आता प्रश्न पडेल की जुन्या होडीतले एकेक लाकूड बदलल्यावर ती जुनी राहिली की नवी झाली. स्लोकमच्या मते ती ‘स्प्रे’च होती. लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच. एक हंगाम त्याने तिच्यावर मासेमारी करून पाहिली. गळाला आमिष लावणे काही जमले नाही. मग २४ एप्रिल १८९५ रोजी, एक्कावन्नाव्या वर्षी, तो बॉस्टनहून एकटाच निघाला.

या होडीवरच्या सामानाची यादी मला त्याच्या धाडसाइतकीच आवडते. होडीसोबतची डोंगी म्हणजे अर्धी कापलेली बोट: किनाऱ्यावर जायला तीच, आणि आंघोळ व धुण्याचे टपही तेच. बॉस्टनच्या एका बाईंनी पाठवलेल्या पैशांतून घेतलेला दोन वातींचा मोठा दिवा रात्री उजेड देई आणि दिवसा शेगडी होई. वेळ मोजायला अचूक क्रोनोमीटर हवा. त्याचा जुना होता, पण दुरुस्तीचे १५ डॉलर ऐकून त्याने तो घरीच ठेवला. वाटेत एक पत्र्याचे घड्याळ घेतले. दीड डॉलर सांगितले, तबकडी फुटकी म्हणून एका डॉलरला मिळाले. पुढे ते अडले तेव्हा त्याने चक्क पाण्यात उकळून चालू केले. अशा घड्याळावर पृथ्वी प्रदक्षिणा कशी होईल? चंद्राचे ताऱ्यांपासूनचे अंतर मोजून रेखांश काढण्याची जुनी, कष्टाची रीत त्याला येत होती. पॅसिफिकमध्ये एकदा हिशेब जुळेना, तेव्हा त्याने छापील कोष्टकातलीच चूक शोधून काढली. आमच्या तालुक्यातल्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापलेल्या मठाला १२०७ साली मिळालेल्या दानाचा शिलालेख आहे. त्या गणिती घराण्याला हा खलाशी नक्कीच आवडला असता.

जिब्राल्टरहून सुएझमार्गे जायचे ठरले होते, पण समुद्री चाच्यांच्या भीतीने त्याने तोंड फिरवले आणि अटलांटिक परत ओलांडून मॅगेलनच्या सामुद्रधुनीत शिरला. तिथे एका ओळखीच्या कप्तानाने त्याला गालिचाला ठोकायच्या बारीक खिळ्यांची पिशवी दिली होती. झोपण्याआधी स्लोकमने त्या डेकवर पसरल्या. रात्री तिथले रहिवासी अनवाणी चढले आणि ओरडत पाण्यात पडले. वर्णन गमतीचे आहे खरे, पण त्या लोकांच्या बाजूने पाहिले तर त्यांच्या पाण्यात हा परका आला होता, हेही विसरू नये. तिथल्याच किनाऱ्यावर कुठल्याशा फुटलेल्या जहाजाची चरबी वाहून आलेली सापडली, ती त्याने होडीत भरली. जुआन फर्नांडेझ बेटावर पोचल्यावर त्या चरबीत गोड वडे तळायला बेटवासीयांना शिकवले आणि उरलेली चरबी त्यांनाच विकली. माल खपवायची ही रीत आमच्या मार्केट यार्डातही चालली असती.

हिंदी महासागरातही त्याने मोठा टप्पा मारला. थर्सडे आयलंड ते कोकोस-कीलिंग बेटे, २७०० मैल, २३ दिवस. या प्रवासात सुकाणूवर त्याचा हात एकूण तीन तासांहून अधिक नव्हता. सुकाणू बांधून ठेवले की होडी आपली वाट धरी. कुरणात पडलेल्या त्या ओंडक्याची ही करणी होती. सेंट हेलेना बेटावर मात्र कुणीतरी भेट दिलेल्या बकरीने घोटाळा केला. तिने वेस्ट इंडीजचा नकाशा खाल्ला. बकरी पाळणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. पुढच्या बेटावर तिला उतरवून दिले.

२७ जून १८९८ रोजी तो न्यूपोर्टला लागला. सुमारे ४६,००० मैल झाले होते. अमेरिका तेव्हा स्पेनशी लढत होती, म्हणून फारशी दखल कुणी घेतली नाही. काही दिवसांनी त्याने होडी फेअरहेवनला नेली आणि पहिल्यांदा पाण्यात उतरवताना जिथे बांधली होती, त्याच खुंटाला आणून बांधली. १९०० साली प्रवासाचे पुस्तक निघाले आणि गाजले. एकट्याने असे जाता येते हे त्यातून जगाला कळले. आपल्या सैन्याच्या इंजिनिअर अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ मध्ये ‘तृष्णा’ या विलायतेत घेतलेल्या जुन्या होडीतून प्रदक्षिणा केली, आणि २०१० साली कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने फेरी पूर्ण करून मुंबईस परतले.

स्लोकमचा शेवट मात्र गोड नाही. मार्थाज व्हिनयार्ड बेटावर त्याने शेत घेतले, पण जमिनीवर जीव रमेना. १९०६ साली न्यू जर्सीत एका लहान मुलीशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून त्याने ४२ दिवस तुरुंगात काढले. चरित्र सांगताना हे पान फाडून टाकता येत नाही. होडीचीही तीच गत: दोर कुजू लागले, डागडुजी राहून जाऊ लागली. ज्याने एकेक फासळी स्वतः वाकवली, त्यालाच ते दिसेनासे झाले, की हात थकले होते? १९०९ च्या नोव्हेंबरात पासष्ट वर्षांचा स्लोकम दक्षिण अमेरिकेतल्या नद्या पाहायला म्हणून निघाला. त्याचा किंवा ‘स्प्रे’चा पत्ता पुन्हा लागला नाही. कोर्टाने १९२४ साली त्याला मृत घोषित केले.

भाच्याला उत्तर पाठवायचे अजून राहिलेच आहे. यादीत नांगर दोन दाखवले आहेत. साखळी किती गंजली आहे, आणि दोर शेवटचे केव्हा बदलले, ते मात्र लिहिलेले नाही. आधी तेवढे बघून ये, असे त्याला कळवतो.