रक्ताभिसरणाचा शोधक विल्यम हार्वे

रक्त हृदयापासून निघते आणि सर्व शरीरात हिंडून पुन्हा हृदयाकडेच परतते, हे आज शाळेतील विद्यार्थीही सांगेल. परंतु चारशे वर्षांपूर्वी युरोपातील भल्याभल्या पंडितांना हे ठाऊक नव्हते. इतकेच नव्हे, तर असे म्हणणारा मनुष्य अनेकांना वेडा वाटला. त्या मनुष्याचे नाव विल्यम हार्वे.

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील फोकस्टन गावी १ एप्रिल १५७८ रोजी त्याचा जन्म झाला. केंब्रिज येथे शिक्षण झाल्यावर वैद्यकाच्या अध्ययनासाठी तो इटलीतील पादुआ विद्यापीठात गेला. तेथे फाब्रिशियस नावाचे वृद्ध आचार्य शरीररचना शिकवीत. नीलांच्या आतील बाजूस लहान लहान झडपा असतात, हे त्यांनी विद्यार्थ्यांना दाखविले होते. मात्र रक्त हातापायांत एकदम साचू नये म्हणून निसर्गाने घातलेले हे बांध होत, अशी त्यांची समजूत होती. गुरूंनी दाखविलेल्या या झडपांचा खरा अर्थ पुढे शिष्याला उमगला.

त्या काळी दुसऱ्या शतकातील गेलन या ग्रीक वैद्याचे वचन प्रमाण मानीत. त्याच्या मते अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, नीलांच्या वाटे ते अवयवांकडे जाते आणि पाटाचे पाणी शेतात जिरावे तसे तेथेच जिरून जाते. थोडे रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातील सूक्ष्म छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपते. अशी छिद्रे नाहीत, रक्त फुफ्फुसांतून फिरून डावीकडे येते, असे कैरोच्या इब्न अल् नफीस या वैद्याने तेराव्या शतकातच म्हटले होते. पुढे पादुआतील कोलंबो यानेही तसेच प्रतिपादन केले. तरीही सर्व शरीरातील रक्ताची प्रदक्षिणा कोणी सिद्ध केली नव्हती.

१६०२ मध्ये पदवी घेऊन हार्वे लंडनला परतला. १६०९ मध्ये सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्याची नेमणूक झाली आणि पुढे तो राजवैद्यही झाला. रोग्यांची सेवा करीत असतानाच तो प्राण्यांची हृदये तपाशीत असे. कुत्र्यासारख्या प्राण्याचे हृदय इतके जलद हलते, की ते आकुंचन केव्हा पावते आणि प्रसरण केव्हा, हेच कळेना. हे कोडे एक परमेश्वरच जाणे, असे आरंभी त्याला वाटू लागले. मग त्याने साप, बेडूक, मासे यांची हृदये पाहिली. ती संथ चालतात. मरणोन्मुख प्राण्याचे हृदयही मंदावते. तेव्हा त्याला स्पष्ट दिसले, की आकुंचन पावताना हृदय मुठीसारखे घट्ट होते आणि रक्त रोहिण्यांत ढकलते. हेच त्याचे खरे कार्य.

यापुढची त्याची युक्ती साध्या अंकगणिताची आहे, आणि मला तरी तीच सर्वांत मोठी वाटते. एका ठोक्याला हृदयातून अवघे अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरू. अर्ध्या तासात एक हजार ठोके पडले, तर ५०० औंस रक्त झाले! एवढे रक्त साऱ्या शरीरातही नसते. मग खाल्लेल्या अन्नातून ते घटकेघटकेला नवे कोठून येणार? तेव्हा तेच रक्त फिरून येत असले पाहिजे. हार्वेने हिशेब मुद्दाम फार कमी धरला होता. आजच्या मापनाप्रमाणे प्रौढ मनुष्याचे हृदय विश्रांतीतही मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकते, आणि शरीरातील एकूण रक्तही जवळजवळ तेवढेच असते.

दुसरा पुरावा त्याने हातावरच दाखविला. दंडाला बेताची पट्टी बांधली की खालच्या नीला फुगतात आणि झडपांच्या जागी गाठी दिसतात. अशा एका नीलेवर बोट दाबून धरावे आणि दुसऱ्या बोटाने तेथून वर, पुढल्या झडपेच्या पलीकडे, रक्त निपटून काढावे. नीला रिकामी राहते. वरचे रक्त मागे उतरत नाही. खालचे बोट उचलताच ती भरते. म्हणजे नीलांतील रक्त हृदयाकडेच वाहते आणि झडपा त्याला उलट येऊ देत नाहीत.

१६१६ पासून लंडनच्या वैद्यसभेत तो शरीररचनेवर व्याख्याने देत असे. आपल्या मतामुळे सारे जग वैरी होईल अशी त्याला धास्ती होती. अखेर १६२८ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्याने जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे ७२ पानांचा लॅटिन ग्रंथ छापविला. छपाईच्या चुका विपुल होत्या. परंतु त्या लहानशा पुस्तकाने गेलनचे आसन डळमळले. पॅरिसच्या रिओलानसारख्या नामांकित वैद्यांनी विरोध केला. सामान्य लोकांनी त्याला विक्षिप्त ठरविले आणि त्याच्याकडे येणारे रोगीही कमी झाले, असे त्याचा स्नेही ऑब्रे याने नमूद केले आहे. रिओलानला त्याने एकवीस वर्षांनी, १६४९ मध्ये, छापील उत्तर दिले. एवढा धीर आपल्यापैकी कितीजणांना धरवेल?

याहून मोठा आघात राजकारणाने केला. १६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. एजहिलच्या लढाईत बारा आणि नऊ वर्षांच्या दोन राजपुत्रांना सांभाळण्याचे काम हार्वेकडे होते. तो कुंपणाच्या आडोशाला पुस्तक वाचीत बसला आणि तोफेचा गोळा जवळ येऊन पडल्यावर तेथून हलला, असे सांगतात. त्याच वर्षी लंडनमध्ये शिपायांनी त्याचे बिऱ्हाड लुटले. सामानाचे त्याला फारसे वाटले नाही. परंतु कीटकांवरील अनेक वर्षांच्या संशोधनाची टिपणे नष्ट झाली, हे दुःख त्याला अखेरपर्यंत सलत राहिले.

उतारवयात मात्र त्याच्या मताचा जय त्याला स्वतः पाहता आला. १६५४ मध्ये वैद्यसभेने त्याला अध्यक्षपद देऊ केले. वार्धक्याचे कारण सांगून त्याने ते नाकारले. ३ जून १६५७ रोजी, एकोणऐंशीव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

एक दुवा तेवढा त्याच्या हयातीत सापडला नाही. रोहिण्यांतील रक्त नीलांत जाते हे त्याने तर्काने जाणले होते. पण कोणत्या वाटेने, हे त्याला दिसले नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीतील मालपिघी याने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचे फुफ्फुस ठेवले, आणि रोहिण्या व नीला यांना जोडणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्या त्याला दिसल्या.