नळदुर्गचा पाणी महाल कोणाच्या काळातला? इब्राहिम आदिलशाहची दरबारातली ‘डिझाईन टीम’ कशी होती? जाणून घ्या

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग किल्ल्यात पावसाळ्यात पर्यटकांची गर्दी होते. बोरी नदीच्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात, तरी बंधाऱ्याच्या पोटातला पाणी महाल कोरडा राहतो. हे बांधकाम १६१३ मधले, विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशाह याच्या काळातले.

कोण होता इब्राहिम?
१५८० मध्ये तो लहान वयातच गादीवर आला. सुरुवातीला चांदबीबीने कारभार सांभाळला. संगीताचा जाणकार असलेल्या इब्राहिमने दखनी भाषेत ‘किताब-ए-नवरस’ लिहिले.

टीममध्ये कोण होते?
कामापुरता कारागीर बोलावण्याऐवजी इब्राहिमने गुणी माणसे दरबारातच ठेवली. इराणहून आलेले चित्रकार फारुख हुसेन आणि सुलेखनकार खलीलुल्ला त्यांत होते. विजापूरच्या इब्राहिम रोजाशी मलिक संदल, तर नळदुर्गच्या बंधाऱ्याशी मीर मुहम्मद इमादीन यांचे नाव जोडले जाते. परदेशी हात आणि दख्खनी दगड यांचा मेळ बसला, कारण सुलतानाला स्वतःला कलेची पारख होती.

पुढे काय झाले?
१५९९ मध्ये त्याने विजापूरजवळ नवरसपूर हे नवे शहर वसवायला घेतले. १६२४ मध्ये मलिक अंबरच्या फौजेने ते उद्ध्वस्त केले. १६२७ मध्ये इब्राहिमचा मृत्यू झाला आणि या कलावंतांचा आधार गेला. सुलतानाचे स्वप्नातले शहर टिकले नाही. नळदुर्गचा बंधारा मात्र चारशे वर्षांनंतरही पाणी पेलतो आहे.