कोरडं तोंड आणि डॉ. शोग्रेन

पालघर-बोईसरकडच्या दातांच्या दवाखान्यात पन्नाशीची एखादी बाई सांगते, भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळवत नाही. दात हिरडीलगत किडलेले असतात. एक भरला की वर्षभरात शेजारचा जातो. अशा वेळी आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत: डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं का? सांधे धरतात का? या तीन तक्रारींची सांगड घातली ती डोळ्यांच्या एका डॉक्टरने.

हेन्रिक शोग्रेन यांचा जन्म १८९९ चा, स्वीडनमधला. स्टॉकहोमला काम करताना १९३० च्या सुमारास त्यांच्याकडे एक बाई आली. डोळे कोरडे, तोंड कोरडं आणि सांधेदुखी. तोंड आपल्या विषयाचं नाही म्हणून त्यांनी ते सोडून दिलं नाही. तशाच रुग्ण ते शोधत राहिले आणि १९३३ मध्ये १९ स्त्रियांवर प्रबंध लिहिला. त्यांतल्या १३ जणींना सांध्यांचा विकार होता. परीक्षकांना प्रबंध फारसा पसंत पडला नाही. कमी श्रेणी मिळाली आणि विद्यापीठात शिकवण्याची वाट बंद झाली. शोग्रेन योनशोपिंग या लहान शहरात डोळ्यांचे डॉक्टर म्हणून रुजू झाले. मूळ प्रबंध जर्मनमध्ये होता. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ ब्रूस हॅमिल्टन यांनी १९४३ मध्ये तो इंग्रजीत आणला, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. स्वीडन सरकारने प्राध्यापक ही पदवी दिली ती १९६१ मध्ये. १९८६ मध्ये ते वारले.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. दहांतले नऊ रुग्ण स्त्रिया असतात. आणि बायकांची अशी दुखणी वयाच्या नावावर सहज खपवली जातात!

अर्थात प्रत्येक कोरडं तोंड म्हणजे शोग्रेनचा आजार नव्हे. मधुमेह, रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या, तोंडाच्या कर्करोगासाठी घेतलेले किरणोपचार ही कारणंही असतात. म्हणून दंतवैद्याकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत. घोट घोट पाणी, फ्लोराइडची पेस्ट, बिनसाखरेचं च्युइंगगम यांचा उपयोग होतो. मिश्री आणि तंबाखू सोडावीच. लाळ सुटावी म्हणून अनेक जण लिंबाच्या गोळ्या चघळतात. त्यातली साखर आणि आंबटपणा धुऊन न्यायला लाळच नसते, त्यामुळे दात आणखी लवकर किडतात.