कै. लक्ष्मीबाई टिळक : त्यांचे वडील व त्यांच्या घरातील एक झाकलेले दुःख

सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे हे गाव नाशिकहून पुण्यास जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आमच्या वाचकांपैकी जे या बाजूचे आहेत त्यांस भागोजी नाईक हे नाव बहुधा ऐकून ठाऊक असेल. हा भिल्ल गृहस्थ नगरच्या पोलिसांत अंमलदार होता. १८५५ साली त्यास शिक्षा झाली, आणि सुटून आल्यावर त्याने आपल्या लोकांचा जमाव उभा केला. तारीख ४ ऑक्टोबर १८५७ रोजी पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री त्याच्यावर चालून गेला तो नांदूर शिंगोट्यापाशी ठार झाला. पुढे दोन वर्षांनी, ११ नोव्हेंबर १८५९ रोजी, याच तालुक्यातील मिठसागरे येथे भागोजीही लढता लढता पडला.

ही हकीकत देण्याचे कारण असे की, त्याच वेळी नाशिक जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास जे घडले त्यातून एका घराची पुढील सत्तर-ऐंशी वर्षांची कथा निघाली. ५ डिसेंबर १८५७ च्या रात्री भिल्ल व ठाकूर लोकांनी त्र्यंबकेश्वरच्या सरकारी खजिन्यावर हल्ला केला. मग धरपकड झाली, डोंगर धुंडाळले गेले, आणि त्या बंडाच्या पायी ज्यांस फाशी देण्यात आले त्यांत वासुदेव भगवंत जोगळेकर नावाचे एक ब्राह्मण गृहस्थ होते. नांदूर शिंगोट्याचा रणसंग्राम लोकांच्या तोंडी राहिला. जोगळेकरांची फाशी मात्र एका घराच्या आत शिरली व तेथेच बसून राहिली. या जोगळेकरांची मुलगी गोखल्यांच्या घरी दिली होती. तिच्या पोटी १८६८ साली नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जलालपूर गावी जी मुलगी जन्मली, तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने सर्व महाराष्ट्रास ठाऊक झाली. माहेरी तिचे नाव मनकर्णिका. घरची माणसे मनू म्हणत.

मनूचे वडील नाना गोखले. सासऱ्यांच्या फाशीचा धक्का या गृहस्थांच्या मनास असा बसला की तेव्हापासून त्यांस सर्व जग विटाळलेले दिसू लागले. सोवळे-ओवळे त्या काळी ब्राह्मणांच्या घरोघर होते. त्यात नवल काही नव्हते. परंतु नानांचे सोवळे धर्माच्या पलीकडे गेलेले होते. बाजारातून आलेली वस्तू पाण्यातून काढल्यावाचून घरात यावयाची नाही. धान्य धुवावयाचे हे एक वेळ समजते; पण मीठ धुवावयाचे, साखर धुवावयाची! वाचणाऱ्यास हसू येते, आणि खुद्द लक्ष्मीबाईंनी ते हसू येईल असेच लिहिले आहे. परंतु धुतलेल्या मिठाचे काय होते हे ज्या बाईने पाहिले असेल तिला त्या घरच्या स्वयंपाकघरात किती रडणे दडले होते हेही समजेल. नानांचा बराच वेळ नदीवर स्नानसंध्येत जाई. तेवढा वेळ बायकोमुलांस सुखाचा. ते परत आले की कोणी कोठे बसावे, कशास हात लावावा, काय खावे, हे सर्व त्यांच्या रागाच्या धाकाने चालावयाचे.

येथे थोडे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फासावर गेले ते नानांचे वडील नव्हेत, त्यांच्या पत्नीचे. बाप तिचा गेला होता. दुःख करण्याचा पहिला हक्क तिचा होता. पण त्या घरात दुःख झाले ते यजमानांस. आणि जिचा बाप गेला ती नवऱ्याच्या त्या दुःखापायी वर्षानुवर्षे धान्य धूत व मुलांस गप्प करीत राहिली. घराण्यातील मोठे संकट ज्याच्या वाट्यास खरोखर आलेले असते त्यासच पुष्कळदा त्याविषयी बोलावयास जागा मिळत नाही. असे आम्ही आपल्या मंडळ्यांतूनही पाहिले आहे. घरातील एक मनुष्य आरडाओरड करतो, म्हणून जखम त्याचीच असे सर्वांस वाटते. आणि चुलीपाशी बसलेल्या माणसास कोणी विचारीत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांसाठी. नाना ज्यांच्या स्पर्शाला भीत होते ते कोण? तुमचे आमचे आजे-पणजे. ज्या जातींस त्या काळी गावकुसाबाहेर ठेवीत असत त्यांच्यापैकी कोणी वाटेत आडवा आला तर पुन्हा स्नान, पुन्हा धुणे. त्या अपमानाची आठवण अजून कित्येक घरांत ताजी आहे, आणि ती विसरावी असे आम्ही सांगत नाही. परंतु नानांसारख्या मनुष्याच्या त्या सर्व धुण्याच्या मुळाशी एक फास लटकत होता हे कळल्यावर त्या मनुष्याकडे पाहण्याची आपली दृष्टी थोडी पालटते. आपण ज्यास गर्व समजत होतो त्यात भयही होते. त्याने त्याचा दोष नाहीसा होत नाही.

मनू थोडी वाढल्यावर नाशिकास आपले नातलग गोविंदराव खांबेटे यांच्या घरी राहू लागली. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास तिचे लग्न झाले. नवरदेव नारायण वामन टिळक. यांची गोष्टही एका परीने तशीच. जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे. आई जानकीबाई प्रेमळ व भाविक; वडील वामनराव कडक स्वभावाचे, आणि या मुलावर त्यांची मर्जी नव्हती. आई गेली तेव्हा नारायण अजून लहानच होता. तिच्या मागे त्यास घर असे उरले नाही, व तो नाशिकची वाट धरून विद्या शोधू लागला. तेव्हा बोहल्यावर जी दोन मुले उभी राहिली त्या दोघांसही बापाचा धाक म्हणजे काय ते पुरतेपणी ठाऊक होते. एक तो सोसून हसावयास शिकली होती. दुसरा त्यातून निघून जावयास शिकला होता.

हे निघून जाणे टिळकांच्या अंगी शेवटपर्यंत राहिले. आज येथे नोकरी, उद्या तेथे; मनात आले की घर सोडून निघावे, मागे बायको वाट पाहत बसलेली. ते तापटही होते. लक्ष्मीबाईंनी यांपैकी काही एक लपविलेले नाही. तरीपण बापाचा कडकपणा मुलाकडून नातवाकडे आपोआप उतरलाच पाहिजे असे काही नाही. टिळकांच्या घरात स्वतःच्या मुलांबरोबर निराश्रित मुलेही वाढली, आणि आईबापांवाचून असलेल्या पोरांस त्या दारातून परत पाठविल्याचे ऐकिवात नाही. ज्या मुलाला अकरा-बारा वर्षांचा असता घर सुटले त्याने पुढे आपले घर असे भरून टाकावे, यात आम्हास तरी त्याच्या बालपणाचे उत्तर दिसते.

तारीख १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहान दत्तूस घेऊन त्या काही वर्षे पतीपासून वेगळ्या, माहेरच्या माणसांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे नगर जिल्ह्यात पतीजवळ आल्या तरी आरंभी आपले सोवळे त्यांनी सोडले नाही. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. टिळकांनीही त्यांच्यावर बळजबरी केली नाही. ज्याने बळजबरी भोगली त्यास ती करण्याची चीड होती असे म्हणावे लागते. बाईंचे ते सोवळे म्हणजे वडिलांच्या घरून आलेली अखेरची ठेव. ज्या गोष्टीपायी बालपणी इतके हाल झाले तीच गोष्ट मोठेपणी आपण उराशी धरून बसावे हे चमत्कारिक वाटते खरे. पण बापाच्या धाकात वाढलेली पुष्कळ मुले बापाच्याच सवयी पुढे चालवितात. त्या सुटल्या तर आपण कोण हेच त्यांस कळेनासे होते.

मग राहुरीस असता एके दिवशी बाईंच्या मनात जातीविषयी विचारांची मालिका सुरू झाली. ही जातपात देवाने केली की मनुष्याने? देवाने केली असती तर जनावरांत जसा भेद दिसतो तसा माणसांच्या शरीरातही दिसावयास नको काय? विचार करता करता गाठ सुटली, आणि यापुढे कोणाच्याही हातचे खावयाचे व प्यावयाचे असा त्यांनी निश्चय केला. कोणी उपदेश केला म्हणून नव्हे, पतीने आज्ञा केली म्हणूनही नव्हे. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु आमच्या मते जलालपूरच्या घरातून त्या खऱ्या अर्थाने बाहेर पडल्या त्या त्या निश्चयाच्या दिवशी. पाण्याखाली डोके घालण्यापूर्वी काही काळ अगोदर.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, वय साठीच्या पुढे गेले असता, लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांस शाळेचे शिक्षण असे मिळालेच नव्हते, अक्षरओळख लग्नानंतरची. स्मृतिचित्रे या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यात आजोबांची फाशी आहे, नानांचा जाच आहे, सासऱ्यांचा स्वभाव आहे, नवऱ्याचा राग आहे. सर्व नावानिशी.

हे योग्य झाले काय? खेडोपाडी प्रचारकांस असा प्रश्न वारंवार पडतो. बापाने मुलांस मारून मारून अर्धमेले केले, बायकोचे हात मोडले, आणि तो मेल्यावर मंडळी म्हणते की आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आहे, तेव्हा आता काही बोलू नये. नोहाच्या पुत्रांनी पाठमोरे जाऊन बापावर वस्त्र घातले हा दाखला लगेच पुढे करण्यात येतो. दाखला खरा आहे. पण ज्या पवित्र शास्त्रात तो आहे त्याच शास्त्रात नोहाचे मद्यपानही लिहून ठेवले आहे. नाहीतर ते वस्त्र कशासाठी घातले हे आपणास कळले असते कोठून? दाविदाचे पाप त्याच्याच लोकांच्या ग्रंथात आहे. मत्तयाने प्रभूची वंशावळ दिली तीत तामार आहे, राहाब आहे, आणि उरीयाची बायकोही आहे. झाकावयाचेच असते तर ती नावे गाळणे किती सोपे होते! तेव्हा मान राखणे आणि खोटे बोलणे या दोन गोष्टी एक नव्हेत. मुलाने बापाची बाजारात थट्टा करू नये हे खरे. पण आपल्या अंगावरचे वळ देवाने दिले असे त्याने जन्मभर मानावे, अशी आज्ञा कोठेही नाही.

लक्ष्मीबाईंनी काय केले ते बारकाईने पाहावे. त्यांनी नानांस दुष्ट म्हटले नाही, आणि साधूही म्हटले नाही. घरात काय चालत असे ते जसेच्या तसे सांगितले. हसण्यासारखे होते तेथे हसल्या. आणि हे सर्व सांगण्यापूर्वी त्यांनी ती फाशी सांगितली. हा क्रम आम्हास फार महत्त्वाचा वाटतो. केवळ जाच सांगितला असता तर नाना राक्षस ठरले असते; केवळ फाशी सांगितली असती तर त्यांची सुटका झाली असती व आईचे हाल कोणास कळले नसते. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवल्यामुळे एक घाबरलेला मनुष्य दिसतो, ज्याने आपले भय बायकोमुलांच्या माथी मारले. अशा बापास क्षमा करणे शक्य होते, कारण क्षमा कशाची करावयाची हे ठाऊक असते. झाकलेल्या गोष्टीची क्षमा करता येत नाही.

आमच्या मंडळ्यांतही अशा गोष्टी आहेत. कोणाचा आजा तुरुंगात मेला, कोणाची आत्या विहिरीत पडली की ढकलली गेली हे विचारावयाचे नाही, कोणाची मोठी बहीण खरे पाहता त्याची आई. मुले घरातील राग पाहतात, त्याचे कारण त्यांस कोणी सांगत नाही, आणि मग ते कारण आपणच असू असे ती समजू लागतात. प्रचारक बंधूंनी अशा घरी गेल्यावर लगेच क्षमेचा उपदेश करू नये अशी आमची त्यांस विनंती आहे. प्रथम ऐकावे. ज्याला अजून घरात मार बसत आहे त्याला तर क्षमेची नव्हे, आधी आसऱ्याची गरज असते. मनूलाही नाशिकास खांबेट्यांचे घर मिळाले होते.

टिळकांनी ख्रिस्तायन हे काव्य लिहावयास घेतले होते ते दहा-अकरा अध्यायांवर राहिले. त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनीच लिहिला. तारीख २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या नाशिकास वारल्या. स्मृतिचित्रांचा चौथा भाग त्यांच्या मागून छापून निघाला. हे पुस्तक अजून मिळते, आणि त्याची भाषा इतकी सोपी आहे की ज्यांस वाचता येत नाही त्यांस रात्रीच्या बैठकीत वाचून दाखविल्यास सहज कळते. आरंभ पहिल्या पानापासूनच करावा. जोगळेकरांची फाशी आणि नानांचे धुणे दोन्ही पुस्तकाच्या अगदी सुरुवातीसच आहेत.