महात्मा फुले आणि गावचे रान

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव तुम्हांला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ठाऊक असेल. जवळच तुळापूरला इंद्रायणी नदी भीमेला मिळते. ही भीमा भीमाशंकरच्या जंगलात उगम पावते. पुढे पुण्याचे सारे पाणी घेऊन आलेली मुळा-मुठा तिला मिळते आणि मग ती दौंडकडे जाते. उन्हाळ्यात तिचे पाणी संथ आणि हिरवट दिसते. पावसाळ्यात पहिला मोठा पूर आला, की तेच पाणी लालसर, गढूळ होते.

हा लाल रंग येतो कोठून? अर्थात मातीतून. डोंगरावरची, माळावरची आणि शेतातली वरची सुपीक माती पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते. एक इंच जाडीचा असा थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि तो वाहून जायला एक-दोन पावसाळेही पुरतात. ही माती वाचवावी कशी, आणि ती वाचवायची कोणी, याचा विचार महाराष्ट्रातील एका माणसाने १८८३ साली एका पुस्तकात मांडला होता. तो माणूस म्हणजे महात्मा जोतीराव फुले.

तुम्ही म्हणाल, जोतीरावांनी तर मुलींची शाळा काढली. त्यांचा माती आणि जंगल यांच्याशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. पण पाठ्यपुस्तकांतून तो क्वचितच सांगितला जातो.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे आणि आडनाव गोऱ्हे. पुण्यात आल्यावर त्यांचे वडीलधारे पेशव्यांना फुले पुरवू लागले, म्हणून लोक त्यांना फुले म्हणू लागले. जोतीराव वर्षाचेही झाले नव्हते, तेव्हा त्यांची आई चिमणाबाई वारल्या. सगुणाबाई नावाच्या प्रेमळ बाईंनी त्यांना वाढवले. थोडे लिहिणे-वाचणे येताच वडील गोविंदराव यांनी त्यांना शाळेतून काढले. माळ्याच्या मुलाला एवढे शिक्षण पुरे, असे तेव्हा लोक मानत. जोतीराव मळ्यात काम करू लागले. वाफे बांधणे, पाणी देणे, खत घालणे ही कामे त्यांनी स्वतःच्या हातांनी केली. पुढे त्यांनी शेतीविषयी जे लिहिले, त्याचे पहिले धडे त्यांना या मळ्यात मिळाले, असे मला वाटते.

त्यांच्या शेजारी गफार बेग मुन्शी नावाचे फारसीचे शिक्षक राहत. रात्री दिव्याच्या उजेडात वाचत बसणारा हा हुशार मुलगा त्यांनी पाहिला. त्यांनी आणि लिजिट नावाच्या एका इंग्रज गृहस्थांनी गोविंदरावांची समजूत घातली. तेव्हा १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. त्या वेळी ते चौदा वर्षांचे होते. आज दहावीत बसणारी मुले जवळजवळ त्याच वयाची असतात.

१८४८ साली जोतीरावांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींसाठी शाळा सुरू केली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. लोक खवळले. वडिलांवरही दडपण आले आणि या पतिपत्नींना घर सोडावे लागले. तेव्हा उस्मान शेख यांच्या घरी त्यांना आसरा मिळाला, असे सांगतात. सावित्रीबाईंच्या शिक्षणकार्यात फातिमा शेख यांची साथ होती. सावित्रीबाईंनी १८५६ साली माहेरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव काळजीने घेतलेले आहे. ही हकीकत तुम्ही इतरत्र वाचली असेल, म्हणून येथे मी ती थोडक्यात सांगितली.

त्या काळी अस्पृश्य मानलेल्या लोकांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू देत नसत. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घराचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. हौद म्हणजे उर्दूतील हौज़. शब्द एकच आहे. ही गोष्ट आपण सामाजिक समतेची म्हणून शिकतो. ती तशी आहेच. पण तिच्यात पाण्याविषयीचा एक विचारही आहे. पाणी एकट्याच्या मालकीचे नसते, हे जोतीरावांनी आपल्या अंगणापासून दाखवून दिले. पुढे सर्व आयुष्यभर जंगल, गायरान आणि पाटाचे पाणी यांच्याकडे त्यांनी याच नजरेने पाहिले.

पोट भरण्यासाठी जोतीराव व्यवसाय करीत. सरकारी बांधकामांना दगड, चुना पुरवण्याचे ठेके ते घेत. पुण्याजवळ येरवड्याचा पूल झाला, खडकवासल्याचे धरण झाले, त्या कामांशी त्यांचा संबंध आला. पुण्याजवळ मांजरी येथे त्यांनी शेतीही केली. त्यामुळे धरणाचे पाणी कालव्यातून शेतापर्यंत पोचताना काय काय घडते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पाणी कोणाला किती मिळाले याचा हिशेब नव्हता. पाणीपट्टी मात्र चोख वसूल होत असे. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला जमिनीच्या प्रमाणात तोटी बसवून पाणी मोजून द्यावे, अशी सूचना त्यांनी केली. पाणी मोजून वापरावे, असे आज सगळे म्हणतात. ही सूचना शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे.

आता १८७५ सालाकडे वळू. त्या वर्षी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. हा वणवा भीमथडी, म्हणजे आजचा दौंडचा भाग, शिरूर आणि आसपासच्या तालुक्यांत पसरला. पाठोपाठ १८७६ मध्ये मोठा दुष्काळ पडला. माणसे गाव सोडून निघाली आणि गुरे तडफडून मेली. जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला होता. त्या समाजाच्या कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी अन्नछत्रे उघडली. पुण्याच्या तळजाई टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या धनकवडीला उपाशी मुलांसाठी आश्रम चालवला.

याच काळात, १८७६ ते १८८२, जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहराच्या गरीब वस्त्यांना पाणी मिळावे, दारूची दुकाने वाढू नयेत, यासाठी ते भांडले. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार होते. त्यांच्या स्वागताच्या रोषणाईसाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव सभेत आला. दुष्काळ नुकताच संपला होता. जोतीरावांनी हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावेत असे सुचवले. मत घेतले, तेव्हा विरोधात एकच हात वर झाला. तो जोतीरावांचा होता. मंडईची मोठी इमारत बांधण्यावर लाखो रुपये घालण्यासही त्यांनी असाच विरोध केला. पुढे त्याच इमारतीला लोकांनी त्यांचे नाव दिले! आज पुण्यात भाजी घेणारा माणूस महात्मा फुले मंडईत जातो, पण ही गोष्ट त्याला ठाऊक असतेच असे नाही.

दुष्काळ का पडतो? पाऊस कमी झाला म्हणून, एवढेच उत्तर जोतीरावांना पटत नव्हते. पूर्वीही पाऊस कमी होत असे. मग आताच शेतकरी इतका का कोसळला? याचा शोध घेत त्यांनी ‘शेतकऱ्याचा आसूड’ हे पुस्तक लिहिले. आसूड म्हणजे चाबूक, उर्दूत ज्याला कोडा म्हणतात तो.

या पुस्तकात जंगलाविषयी त्यांनी काय सांगितले, ते नीट समजून घ्या. पूर्वी थोडी जमीन असलेल्या शेतकऱ्याचे पोट केवळ शेतावर भरत नसे. तो जवळच्या डोंगरावर जाई. उंबर, जांभूळ यांची फळे खाई. पळस, मोह यांची पाने-फुले आणि थोडे जळण विकून मीठ-मिरचीपुरते पैसे मिळवी. गावाला गायरान असे. गायरान म्हणजे सर्व गावाची चरागाह. तेथे त्याची एखादी गाय, दोन शेळ्या चरत. नंतर सरकारने जंगल खाते काढले. १८६५ आणि १८७८ या साली जंगलाचे कायदे झाले. डोंगर, दऱ्या आणि गायराने खात्याच्या ताब्यात गेली. जो शेतकरी काल त्या रानाचा राखणदार होता, तो आज तेथे पाऊल टाकताच गुन्हेगार ठरू लागला.

येथे सरकारची बाजूही पाहिली पाहिजे. १८५३ नंतर रेल्वे वाढली. रुळांखाली घालायच्या लाकडांसाठी आणि जहाजांसाठी जंगले झपाट्याने तोडली जाऊ लागली. त्यांना काहीतरी आळा घालणे जरूर होते. पण कायद्याने आळा बसला तो मुख्यतः शेळीवाल्यांना आणि मोळीविक्या बायकांना. सरकारला लागणारे लाकूड तुटतच राहिले. जोतीरावांचा राग होता तो याच अन्यायावर. गायराने गावांना परत द्यावीत, गावाने ती राखावीत, परंतु विक्रीसाठी लाकूड तोडण्यास कायद्याने बंदी करावी, असे त्यांचे म्हणणे होते. गावाला त्यांनी हक्क दिला आणि त्याच्याबरोबर बंधनही घातले, हे विसरू नका.

मातीचा विचार तर त्यांनी त्याहूनही बारकाईने केला. डोंगरावर गवत, पाने, फुले पडतात; किडे-पाखरे मरतात. हे सारे कुजून त्याचे खत बनते. वळवाचा पाऊस आला, की हे खत खाली वाहत येते. ते ओढ्यात वाहून वाया जाऊ नये, शेतात मुरावे, म्हणून उतारावर ठिकठिकाणी ताली आणि बंधारे बांधावेत. लष्कर आणि पोलिसांतील रिकाम्या शिपायांना या कामाला लावावे. तळी-धरणे करावीत. तळ्यांत साचलेला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा. गाळ निघाला, की तळे खोल होते आणि शेत सकस होते. एका कामात दोन फायदे. आज पाणलोट विकास या नावाने जे शिकवतात, त्याचा बराचसा भाग या काही पानांत आहे. जोतीरावांनी हे शेतकी कॉलेजात शिकून लिहिले नव्हते. ते पाहून लिहिले होते.

पुस्तकाची भाषा मात्र फार तिखट होती. मुंबईच्या ‘दीनबंधू’ या पत्राचे नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचेच सहकारी आणि कामगारांचे पुढारी. त्यांनी पहिली दोन प्रकरणे छापली. पुढची छापण्याचे धाडस त्यांना झाले नाही. जोतीराव चिडले, पण थांबले नाहीत. हस्तलिखित घेऊन ते गावोगावी गेले आणि शेतकऱ्यांपुढे वाचू लागले. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्याचे वाचन झाले. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनीही ते ऐकले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीही ते ऐकून घेतले व पैशांची मदत केली. पूर्ण पुस्तक छापलेले पाहणे जोतीरावांच्या नशिबी नव्हते.

१८८८ साली पुण्यात इंग्लंडच्या राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांना मेजवानी होती. सरदार, सावकार दागिने घालून आले होते. जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात, डोक्याला मुंडासे बांधून गेले. खरा देश या मेजवानीत नाही, तो खेड्यांत आहे, हे त्यांनी राजपुत्राला स्पष्ट सांगितले. त्याच वर्षी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. पुढे काही आठवड्यांतच त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला, तेव्हा ते डाव्या हाताने लिहू लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले.

त्यांच्या मागणीचे पुढे काय झाले? फार उशिरा, तुकड्यातुकड्यांनी ती मान्य होत गेली. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला आणि २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला भोवतालच्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. तेथे बांबू किती तोडायचा हे ग्रामसभा ठरवते. पुणे शहराला लागून वारजे येथे वनखात्याची सुमारे सतरा हेक्टर उजाड टेकडी होती. वनखाते, स्वयंसेवी संस्था आणि नागरिक यांनी मिळून तिच्यावर झाडे लावली व जगवली. ५ जून २०२० रोजी केंद्र सरकारने देशात दोनशे नगरवने उभारण्याची योजना जाहीर केली, ती वारज्याचे उदाहरण देऊनच. ज्या खात्यावर जोतीरावांनी आसूड उगारला होता, ते खाते आणि शहरातले लोक तेथे एकत्र काम करताना दिसतात. अर्थात सगळीकडे असे नाही. पुण्यातील टेकड्यांवर रस्ते आणि इमारती व्हाव्यात की नाहीत, यावर आजही नागरिकांना झगडावे लागते.

टेकडी पुण्याची असली, तरी तिच्यावरून सुटलेली माती मुठेतून भीमेत येते आणि शिरूर-दौंडच्या काठांवरून पुढे जाते. पुण्याच्या गंज पेठेत जोतीरावांचा वाडा आता राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केलेला आहे. तेथे त्यांची समाधी आहे, आणि त्यांनी सर्वांसाठी खुले केलेले पाणीही त्याच अंगणातले.