मागच्या दारचा बेकलंड

गणपतीत डोंबिवलीला घरी गेलो, तर मागच्या दारच्या ओट्याच्या फळ्या पावसाने कुजलेल्या. बाबांना आता साग हवा, मला लाकडाचा भुसा नि प्लास्टिक मिळून केलेली कंपोझिट फळी. वाद घालताना लिओ बेकलंड आठवला.

१८६३ साली बेल्जियममधल्या घेंटला जोडे शिवणाऱ्याच्या घरी जन्मलेला हा पोरगा केमिस्ट होऊन अमेरिकेत गेला. फोटोचा वेलॉक्स कागद काढला, १८९९ मध्ये तो धंदा ईस्टमन कोडॅकला विकला. बक्कळ पैसा आला, तरी गडी स्वस्थ बसेना! यॉंकर्सला घराच्या आवारातच प्रयोगशाळा थाटली. फिनॉल-फॉर्माल्डिहाइडची राळ मुरवून लाकूड टणक करायचा बेत फारसा जमला नाही. मग त्याने राळेलाच उष्णता नि दाब दिला. १९०७ मध्ये बेकेलाइट हाती आलं. नुसतं ते ठिसूळ, म्हणून त्यात चक्क लाकडाचा भुसा घातला. जुन्या घरांतले काळे स्विच त्याचेच. १९४४ मध्ये तो वारला.

फरक एवढाच, की बेकेलाइट एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. आमच्या फळीतलं प्लास्टिक उन्हात नरमतं, लांबतं. म्हणून खालचे वासे जवळजवळ घ्यायचे आणि टोकांना फट सोडायची, हे सुताराला बजावलंय. बाबा अजून सागाचेच भाव विचारतायत.