‘पुरुषांचे बंड’ लिहिणाऱ्या गिरिजाबाई

नाटकाचे वेड आम्हा बेळगावकडच्या माणसांना वाडवडिलांकडून आले आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली जन्मले ते बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल बेळगावच्याच शाळेत शिकले. माझ्या उचगावात गेली कित्येक वर्षे मराठी साहित्यसंमेलन भरत आले आहे. पण आमच्याकडे नाटककारांच्या गोष्टी निघाल्या, की किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी अशी सगळी पुरुषांचीच माळ ओवली जाते. त्या माळेत एका बाईचे नाव गुंफावे असे मला फार दिवस वाटत होते. ते नाव गिरिजाबाई केळकर यांचे. त्या आमच्या मुलखातल्या नव्हत. त्यांचा संसार आणि त्यांचे काम झाले ते खानदेशात, जळगावी. परंतु ज्या वादात त्यांनी उडी घेतली, तो आपल्या कृष्णाकाठच्या नाटककारांनीच पेटवला होता.

हरिपूरच्या देवलांची ‘शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आली. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख देवलांनी मांडले आणि प्रेक्षकांना रडवले. तरी ते लिहिणारा पुरुष, शारदा होऊन गाणाराही पुरुषच. पुढे १९०७ मध्ये सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘बायकांचे बंड’ आले. पुराणातल्या स्त्रीराज्याची राणी प्रमिला आणि अर्जुन यांची ती कथा. पुरुषाची सत्ता झुगारणारी राणी अखेर अर्जुनाची पत्नी होते आणि बंड लग्नमंडपात विरघळते. प्रेक्षक हसत घरी गेले. शिकू लागलेल्या बायकांकडे पाहून हसण्याचा तो काळच होता.

या हसण्याला १९१३ साली उत्तर आले. ते वर्तमानपत्रातल्या निषेधाचे नव्हते. ते नाटकच होते, आणि नाव होते ‘पुरुषांचे बंड’. येथे बंड पुकारतात ते पुरुष. बायकांनी बंड केले तर त्यांचा टिकाव लागत नाही असे तुमचे म्हणणे ना, मग पुरुषांनीच एकदा करून पाहावे, असा हा डाव. खाडिलकर तेव्हा ‘कीचकवधा’मुळे अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेले नाटककार. त्यांच्यासमोर सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या एका गृहिणीने नाटक घेऊन उभे राहणे, याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

गिरिजाबाईंचा जन्म १८८६ सालचा. माहेरचे नाव द्रौपदी. लग्न होऊन त्या महादेव केळकरांच्या घरी आल्या. साहित्यसम्राट नरसिंह चिंतामण केळकर हे त्यांच्या यजमानांचे बंधू. गंमत अशी, की नरसिंहरावांचे ‘तोतयाचे बंड’ही त्याच सुमाराचे. एकाच केळकर कुळात दोन बंडे झाली. पैकी दिरांचे बंड पुष्कळांच्या स्मरणात राहिले, भावजयीचे फार थोड्यांच्या. गिरिजाबाईंनी पुढे ‘आयेषा’, ‘राजकुंवर’, ‘हीच मुलीची आई’ अशी नाटके लिहिली. कथा लिहिल्या, ‘गृहिणीभूषण’सारखी पुस्तके लिहिली.

त्यांच्या कामाची दुसरी बाजू म्हणजे जळगावचे भगिनी मंडळ. त्याच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. आज ‘महिला मंडळ’ म्हटले की आपण जरा दुर्लक्षाने पाहतो. त्या काळी मात्र घरंदाज बाईला हळदीकुंकू आणि देवदर्शन यापलीकडे घराबाहेर पडायला निमित्तच नव्हते. चार बायकांनी एकत्र बसावे, वाचावे, उभे राहून चार वाक्ये बोलावीत, हीच मोठी गोष्ट होती. नाटकालाही असाच जमाव आणि असाच धीर लागतो. म्हणून त्यांचे मंडळ आणि त्यांचे नाटक ही दोन कामे मला वेगळी वाटत नाहीत.

१९२८ साली मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ते भूषवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. स्त्रीभूमिका अजून बहुतेक ठिकाणी पुरुषच करीत होते, तेव्हाची ही गोष्ट. साहित्यसंमेलनाला स्त्री अध्यक्ष मिळायला १९६१ साल उजाडावे लागले. त्या कुसुमावती देशपांडे. म्हणजे ज्या रंगभूमीला लोक नावे ठेवीत, ती या बाबतीत साहित्याच्या तेहतीस वर्षे पुढे होती.

आजच्या स्त्रीवादी वाचकांना गिरिजाबाई मवाळ वाटतील. संसार मोडा असे त्यांनी कधी सांगितले नाही. आदर्श गृहिणीची पुस्तके लिहिणारी बाई बंडखोर कशी, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नाही. मला उत्तर असे दिसते, की ज्या बायकांशी त्यांना बोलायचे होते त्या सगळ्या उंबऱ्याच्या आतच होत्या. बाहेरून हाका मारून त्या आल्या नसत्या. गिरिजाबाई आत गेल्या, चुलीपाशी बसल्या आणि तिथून बोलल्या. ही वाट हळू नेते, पण तिच्यावर मागे कोणी राहत नाही.

१९५९ साली त्यांचे आत्मचरित्र आले, ‘द्रौपदीची थाळी’. सुटलेले माहेरचे नाव त्यांनी असे पुस्तकावर परत आणले. पुराणातल्या त्या थाळीतले अन्न स्वतः द्रौपदी जेवेपर्यंत संपत नसे. म्हणजे ती जेवायची सर्वांच्या शेवटी. घरोघरच्या बायका हे नाव वाचून काय समजायचे ते समजल्या असतील. १९८० साली, नव्वदी ओलांडून, गिरिजाबाई गेल्या.

आमच्या सीमाभागातल्या गावोगावी आज बायकांची मंडळे आहेत, बचत गट आहेत. जत्रेला आणि गणपतीला नाटके बसतात. त्यांत बायका कामे करतात, पण संहिता बहुधा पुरुषाचीच असते. एखाद्या वर्षी एखाद्या मंडळाने ‘पुरुषांचे बंड’ शोधून काढून वाचावे. जुन्या भाषेमुळे ते जड वाटले, तर आपल्या बोलीत आपलेच नवे लिहावे. गिरिजाबाईंनी खाडिलकरांपुढे तेच तर केले होते.